काढलेला भाग

वकीलबाईंच्या खोलीत समोर तीनच खुर्च्या होत्या आणि माणसं आली होती चार. थोरल्याने कुणाला न विचारता मधली खुर्ची पकडली. घराच्या वतीने बोलायचं काम आपलं, हे त्याने दुकान विकलं त्या वर्षीच ठरवून टाकलं होतं, आणि तेव्हापासून त्याला कुणी अडवलंही नव्हतं. त्याच्या एका बाजूला बाप बसला, ज्याला सगळं जग मिस्त्री म्हणे. दुसऱ्या बाजूला मधल्या भावाची बायको. धाकटा दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला. लहानपणी तो अडकलेले खिळे दातांनी उपटायचा, म्हणून त्याचं नाव पक्कड पडलं होतं. आज ते दात घट्ट आवळलेले होते.

नवऱ्याच्या नंबरावरून बायकोला हाक पडणाऱ्या या घरात ती मधली म्हणून आली. नवऱ्याला जाऊन दुसरा महिना लागला, तरी हाक तीच होती. आता कशाच्या मधली, हे विचारायचं कुणाला सुचत नव्हतं, आणि तिलाही त्याचा कंटाळा आला होता. रडायचा कंटाळा आला होता, सांत्वनाला आलेल्यांसाठी चहा टाकायचा कंटाळा आला होता, आणि दोन जिने चढून ऐकाव्या लागणाऱ्या या बोलण्याचाही.

वकीलबाईंनी टेबलाखाली एक चप्पल काढून ठेवली होती. दुखरी टाच दुसऱ्या पावलावर घासत त्या कागद वाचत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी तो उताणा टेबलावर ठेवला.

"सही झाली?"

"अजून नाही," थोरला म्हणाला. "उद्या दुपारी लाँड्रीचे साहेब न्यायला येणार आहेत. करायचीच आहे तशी. म्हटलं, एकदा तुमच्या नजरेखालून घालावा."

"करायचीच आहे असं कोण म्हणतंय?"

"आम्ही सगळे."

"सही कुणाची लागणार आहे?"

थोरल्याने मान मधलीकडे वळवली.

"मग ही एक सोडून बाकीच्यांनी जरा तोंडं मिटा," वकीलबाई म्हणाल्या. "बाई, तुम्ही वाचलाय हा?"

"दादांनी वाचून दाखवला."

"सगळा?"

मधलीने थोरल्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर समोरच्या चष्म्याच्या दुकानाची पाटी वाचत होता. जणू ती आज पहिल्यांदाच लागली होती.

"रक्कम किती मिळणार ते वाचून दाखवलं," ती म्हणाली.

"वाटलंच मला. आता तिसरा परिच्छेद ऐका." वकीलबाईंनी बोट ठेवून वाचलं. "मयत कामगाराने वारंवार दिलेल्या सूचना डावलून, स्वतःच्या हलगर्जीने चालू यंत्रात हात घातला. तरीही कंपनी केवळ माणुसकीच्या नात्याने ही मदत देत आहे. यापुढे मयताच्या वारसांचा कोणताही दावा राहणार नाही."

माणूस मेला की कंपनीला पहिली आठवण होते ती माणुसकीची. जिवंतपणी तिचा पत्ता नसतो. बारा तास वाफेत उभा राहणारा माणूस जिवंत असतो तेव्हा तो मजूर असतो, उशीर झाला की कामचुकार असतो. मेला की तो एकदम घरचा होतो, आणि लगोलग त्याच्या घरी कागद येतो.

मिस्त्री खुर्चीत पुढे सरकले. "माझ्या पोराने चालू यंत्रात हात घातला?"

"असं त्यांचं म्हणणं आहे."

"पायाची शिलाई मशीन उघडायच्या आधी तो पट्टा उतरवायचा. आठ वर्षांचा होता तेव्हा. मी त्याच्या बोटांवर पट्टी मारून शिकवलंय. तो हात घालेल?"

"बाबा, आता त्याचा काय उपयोग," थोरला म्हणाला. "कागदावर काही का लिहिनात. तो वाचायला थोडाच येणार आहे."

"त्याची पोरगी येईल," मधली म्हणाली.

आवाज चढला नव्हता. पण खोलीत एकदम पंखा ऐकू यायला लागला.

"उद्या ती मोठी होईल आणि विचारेल, बाप कसा गेला. मी काय दाखवू? माझ्या सहीचा कागद? तुझा बाप मूर्ख होता म्हणून मेला, असं मीच लिहून दिलंय म्हणून?"

वकीलबाईंनी पेपरमिंटची डबी तिच्यापुढे सरकवली. तिने घेतली नाही, तेव्हा एक गोळी स्वतःच्या तोंडात टाकली.

"आता मी सांगते ते ऐका, आणि मी बोलताना माना डोलावू नका, समजलं नाही तर विचारा. कामावर माणूस गेला की घरच्यांना दोन दारं असतात. पहिलं दार सोपं. कामावर असताना गेला एवढं दाखवायचं. चूक कुणाची, ते कुणी विचारत नाही. बायको, मूल, त्याच्यावर अवलंबून असलेले आईबाप, यांना कायद्याने ठरलेली भरपाई मिळते. ती मदत नाही, भीक नाही, हक्क आहे. या कागदाने कंपनी ते दारसुद्धा बंद करून घेतेय. बंद होईल की नाही हा वेगळा वाद, पण तुम्हाला तो वाद घालत बसावं लागेल."

"आणि दुसरं?"

"दुसरं अवघड. तिथे दाखवावं लागतं की कामगाराला सुखरूप ठेवणं हे त्यांचं काम होतं, ते त्यांनी केलं नाही, आणि तो गेला तो त्यापायीच. मधे दुसरं कारण घुसता कामा नये. मग तुमचं काय काय गेलं ते मांडायचं. नुसता पगार नाही. पोरीला बाप नाही, म्हाताऱ्याला आधार नाही, हेही मांडता येतं. पण त्याला पुरावा लागतो आणि त्याला मुदत असते. दुःख ओसरेपर्यंत कोर्ट थांबत नाही."

"वर्षं जातात म्हणे," थोरला पुटपुटला.

"जातात. मी खोटं सांगणार नाही. कधी कधी हरतातसुद्धा. समोरचा वकील तुमच्या माणसाबद्दल असं काही विचारेल की घरी जाऊन तुम्हाला ओकारी येईल. दारू प्यायचा का, घरी भांडण झालं होतं का. तयारी असेल तरच पुढचं बोलू." त्यांनी कोऱ्या कागदाऐवजी एका जुन्या कागदाची पाठकोरी बाजू पुढे ओढली. "आता यंत्राचं सांगा. मला काही कळत नाही असं धरून सांगा."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. पक्कडही त्याच लाँड्रीत होता, बॉयलरवर. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे ढिगांनी येत.

"हायड्रो म्हणतात त्याला," पक्कड म्हणाला. "धुतलेले कपडे पिळायचं. आत भोकाभोकाचं टोपलं असतं, ते गरागरा फिरतं. वर झाकण. टोपलं पुरतं थांबल्याशिवाय झाकण उघडतच नाही. त्याला स्विच असतो."

"मग त्या दिवशी उघडलं कसं?"

पक्कडने दाराची कडी वर-खाली केली.

"उघडलं कसं, असं विचारतेय मी."

"डायरेक्ट केला होता स्विच." त्याने घसा साफ केला. "म्हणजे वायर जोडून टाकली होती परस्पर. तो स्विच सारखा अडायचा, यंत्र थांबायचं, चादरी तुंबायच्या. मग कुणीतरी वरून सांगितलं असणार, डायरेक्ट करा. मग यंत्राला कळतच नाही झाकण उघडं आहे की बंद. मधल्या दादाला वाटलं थांबलं. त्याने झाकण उचललं, आणि चादरीचं टोक फिरत होतं आत. ते मनगटाला..."

"पुरे," मधली म्हणाली.

वकीलबाई लिहायच्या थांबल्या होत्या. थकलेल्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी जागं झालं. "हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत? ती वायर?"

"हो."

"कधी?"

"दुसऱ्या दिवशी. सकाळी."

"आणि ती तशीच आहे अजून?"

पक्कडने बापाकडे पाहिलं. मिस्त्रींनी नजर टाळली. त्यांना बहुधा त्याच क्षणी कळलं, आणि मधलीला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"नाही," पक्कड म्हणाला. "मी दुरुस्त केली."

* * *

या घरात मोडकी वस्तू तशीच पडू देत नसत. मिस्त्रींच्या बापाने शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान काढलं तेव्हापासूनची ती शिस्त होती. कुणाचंही असो, हाताशी आलं की आधी दुरुस्त करायचं आणि मग जेवायचं. आणि दुसरी शिस्त त्याहून कडक. काढलेला भाग मालकाच्या हातात द्यायचा. झिजलेला पट्टा असो, तुटलेली सुई असो, त्याच्या तळहातावर ठेवायची आणि म्हणायचं, बघून घ्या. तो चारचौघांत "बघितला" म्हणाला की काम पुरं. चांगला भाग काढून घेतला, असं कुणी पाठीमागे म्हणायला नको. त्या एका शिस्तीवर दुकान दोन पिढ्या चाललं. बाकी कशावरच नाही, म्हणून तर बंद पडलं.

तर पक्कड भावाला पोचवून घरी आला, रात्रभर बसून राहिला, आणि सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन लाँड्रीत गेला. कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या कुणाचा हात जायला नको, एवढंच डोक्यात होतं. त्याने वायर तोडली, जळका स्विच काढला, नवा बसवला, झाकण दहा वेळा उघडून-मिटून पाहिलं. आणि मग, त्याच बापाचा मुलगा असल्यामुळे, तो जुना स्विच वायरीच्या तुकड्यासकट रुमालात घेऊन साहेबाच्या केबिनपाशी गेला.

त्या साहेबाला कामगार गोडसाहेब म्हणत. त्याने कधी आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. त्याने तळहात पुढे केला. पक्कडने त्यावर स्विच ठेवला. बघून घ्या, म्हणाला. बघितला, म्हणाला गोडसाहेब. त्याच्या खांद्यावर हात ठेवला, चहा मागवला. पंधरवड्याने पक्कडला फोरमन केलं.

घरात सगळ्यांना केवढं बरं वाटलं होतं तेव्हा! साहेब देवमाणूस आहे, असं थोरली म्हणाली होती. मधलीही म्हणाली होती. तिला ते आठवलं आणि तोंडात मारल्यासारखं झालं.

"म्हणजे यंत्रावर आता चांगला स्विच आहे, मोडका स्विच त्यांच्या खिशात आहे, आणि दोन्ही कामं मयताच्या सख्ख्या भावाने केलीत," वकीलबाई म्हणाल्या होत्या, डोळे मिटून. "माझ्या उभ्या वकिलीत इतकी प्रामाणिक माणसं समोर बसली नव्हती. असला प्रामाणिकपणा देव वैऱ्यालाही न देवो."

* * *

घरी आल्यावर थोरल्याने शर्टाची बटणं काढायच्या आधी तोंड उघडलं.

"ऐकलंत ना? पुरावा गेला. विषय संपला. आता सही करून मोकळं व्हायचं."

स्वयंपाकघरातून थोरली हात पुसत आली. तिच्या मागे मधलीची मुलगी झोपेतून उठल्यासारखी दारात उभी होती. थोरलीने तिला पुन्हा आत नेऊन निजवलं आणि परत आली.

"संपला कसा?" मिस्त्री म्हणाले. "हा आहे ना. ह्याने डोळ्यांनी पाहिलंय, हाताने काढलंय. वकीलबाई तेच तर म्हणाल्या. भाग गेला, पण काढणारा हात आहे."

"आणि तो हात उद्या कोर्टात उभा राहिला की परवा घरी बसेल! बाबा, ह्या घरात आता चूल कुणाच्या पगारावर पेटते? माझ्या? माझा अर्धा तुमच्या दुकानाचं निस्तरण्यात गेला."

"दुकान तू विकलंस."

"बुडत होतं म्हणून विकलं!"

"बाबा, दादा, दुकान ठेवा बाजूला," पक्कड म्हणाला. "दर भांडणात ते दुकान कशाला उघडता? होतं तेव्हा तर बंदच असायचं."

एरवी यावर कुणीतरी हसलं असतं. मधला तर नक्कीच हसला असता.

"तू बोलू नकोस, फोरमनसाहेब," थोरला त्याच्यावर घसरला. "भाऊ मेला आणि तू त्यांना हातात आणून दिलंस सगळं. वर चहा प्यायलास. एवढी अक्कल नव्हती?"

"नव्हती! नव्हती मला अक्कल! मला फक्त मोडकं दिसत होतं तिथे!" पक्कड ओरडला आणि मग आवाज बसल्यासारखा खाली आला. "डोळ्यासमोर तेवढंच होतं, वहिनी. तुझी शपथ."

मधलीला त्याचा राग यायला हवा होता. तिने मनात शोधून पाहिला, सापडला नाही. एवढा थकवा साचला होता की राग कुठे ठेवलाय तेच आठवत नव्हतं.

बोलली ती थोरली. या बाईने अठरा वर्षांत नवऱ्याच्या बोलण्यावर बोलणं असं केलं नव्हतं. "अहो, पण त्या कागदात त्याची चूक म्हणून लिहिलंय, हे तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगून काय झालं असतं?"

"मी म्हटलं नसतं ना तिला, कर बाई सही म्हणून. आठ दिवस तिच्या मागे लागलेय मी. तुमच्या सांगण्यावरून." ती मधलीच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली. "तो माझ्या हातचा पहिला घास खाऊन कामाला जायचा. चालू यंत्रात हात घालेल असा माणूस नव्हता तो. धांदरट तुम्ही आहात."

थोरला बायकोकडे बघतच राहिला. मग दाराशी जाऊन पाठ करून उभा राहिला. आवाज आला तेव्हा तो भांडणाचा नव्हता. "मला कळत नाही का? तोही माझा भाऊच होता. पण लढायचं बळ नाही राहिलं माझ्यात. ही पोरं हातातोंडाशी येईपर्यंत कुणीतरी पगार आणायला हवा, मला एवढंच दिसतं. मला भित्रा म्हणा."

कुणी म्हटलं नाही. तो भित्रा होता हे खरं, पण त्या भित्रेपणावरच गेली काही वर्षं घराचं भाडं भरलं जात होतं.

"भावजी," मधली म्हणाली, "वकीलबाईंनी तुम्हाला शेवटी काय विचारलं? मी जिना उतरायला लागले होते."

पक्कड नखांतली काजळी काढत होता. "विचारलं, तसलं यंत्र तिथे एकच आहे का."

"मग?"

"दोन आहेत."

मिस्त्रींनी मान वर केली.

"दुसऱ्याचाही स्विच डायरेक्टच आहे," पक्कड म्हणाला. "तीच वायर, तशीच गाठ मारलेली. त्याच माणसाचं काम. मी गोडसाहेबाला म्हटलं होतं, हेही करून टाकतो. तो म्हणाला, नवा स्विच येऊ दे, घाई नाही. काल आलाय स्विच. उद्या सकाळी बसवायचाय."

"म्हणजे पुरावा आहे!" थोरली म्हणाली.

"आहे. बाई म्हणतात, हात लावू नका. सरकारी तपासनीस येऊन बघेल, लिहून घेईल. एका यंत्रावर असली चलाखी झाली तर कुणी म्हणेल चुकून झाली. दोन्हींवर आहे म्हटल्यावर वरूनच सांगितलेलं दिसतं. त्या उद्या सकाळी अर्ज देतायत. तपासनीस कधी येईल ते देवाला ठाऊक. दोन दिवसांनी, चार दिवसांनी." त्याने मान वर केली. डोळे लाल होते. "आणि तोवर त्यावर ती नवी पोरगी काम करते. दादाच्या जागी घेतलेली. तिचे केस एवढे लांब आहेत, वहिनी. मी रोज ओरडतो तिला, बांध म्हणून. दुरुस्त केलं तर दादाचा खटला गेला. नाही केलं आणि तिचा हात गेला, तर मी काय करू? सांग ना, तू सांगशील ते करतो."

कायद्याची कुठली कलमं असतील ती असोत, या खोलीत आता दोनच गोष्टी होत्या, एक मेलेला माणूस आणि एक जिवंत पोरगी. आणि हा निवाडा ज्याने करायचा तो गोडसाहेब त्या वेळी बहुधा दुपारची झोप काढत होता.

मधलीने आत पाहिलं. मुलगी पाय पोटाशी घेऊन झोपली होती. नवऱ्यासारखी. त्या क्षणी तिला सही करावीशी वाटली. खरंच वाटली. करावी, पक्कडला सांगावं की जा बाबा, बसव स्विच, आणि आपण भिंतीकडे तोंड करून पडून राहावं महिनाभर. माणसाला न्याय नको असतो असं नाही. त्याला आधी झोप हवी असते, आणि हे कागद घेऊन येणाऱ्यांना पक्कं माहीत असतं.

"यंत्र दुरुस्त न करता बंद ठेवता येतं का?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे मोडकं ते मोडकंच. पण कुणाला चालवता येऊ नये."

पक्कडला तो प्रश्न समजायला वेळ लागला. त्याच्या तीन पिढ्यांत यंत्र चालू कसं करायचं एवढंच कुणी विचारलं होतं. "मेन स्विच पाडायचा. त्याच्या दांड्याला भोक असतं. त्यात कुलूप घालता येतं. फोरमनला अधिकार आहे तसा. पण चादरी तुंबतील. तासाभरात बोंबाबोंब होईल. गोडसाहेब कुलूप तोडायला लावेल."

"तोडू दे की. चार माणसांदेखत तोडू दे. वकीलबाईंना फोन करून विचारा, चालेल का."

फोन थोरल्याने लावला. कुणी सांगितलं नाही, त्यानेच उचलला. बराच वेळ नुसतं हो, हो म्हणत राहिला, मग ठेवला. "चालेल म्हणतात. स्विचला, वायरीला, झाकणाला बोट लावायचं नाही. बंद ठेवलंय आणि का ठेवलंय ते लेखी द्यायचं साहेबाला, त्याची पोच घ्यायची. पहिला स्विच ह्याने साहेबाच्या हातात दिला तेव्हा कोण कोण होतं, ते विचारलंय."

"इस्त्रीवाल्या बायका होत्या."

"बोलतील?"

"त्यांनाही पोरंबाळं आहेत," पक्कड म्हणाला. याचा अर्थ होही होता आणि नाहीही.

"आणि त्या म्हणाल्या," थोरला घुटमळला, "की तुझी नोकरी जाऊ शकते. तेही ह्याला स्पष्ट सांगा, म्हणाल्या."

"मला कळतं," पक्कड म्हणाला. "मीच तर त्यांना यंत्राचं समजावलं."

मिस्त्री उठले. भिंतीला धरत कोपऱ्यातल्या हत्यारांच्या पेटीशी गेले, आणि खालून, अगदी तळातून, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. दुकानाच्या शटरचं कुलूप होतं. पितळी, मुठीएवढं. दुकान विकलं त्या दिवशी गिऱ्हाइकाने नवं आणलं होतं, आणि हे हरवलं म्हणून थोरल्याने दोन दिवस शोधलं होतं. त्या कुलपावरून त्या वर्षी बापलेकांत अबोला झाला होता.

"तुमच्याकडेच होतं?" थोरला म्हणाला.

"माझं होतं. माझ्याकडे असणारच." त्यांनी किल्ली फिरवून पाहिली. तेल घातलेलं असावं, कुलूप आवाज न करता उघडलं. "धर रे. कंपनीचं कुलूप लावू नकोस, त्याची किल्ली त्यांच्याकडे असते."

पक्कडने कुलूप घेतलं. किल्ली मिस्त्रींनी त्याला दिली नाही. ते मधलीपाशी आले, खाली वाकायला त्यांना त्रास झाला, आणि किल्ली त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली.

"बघून घे," म्हणाले.

तिने नुसती मान हलवली. मिस्त्री तसेच वाकून थांबले. शब्द ऐकल्याशिवाय ते सरळ होणार नव्हते.

"बघितली," मधली म्हणाली.

* * *

दुसऱ्या दिवशी गोडसाहेब दुपारी यायचा होता, तो सकाळीच आला. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"बाई, तुमच्या दिराने काय तमाशा मांडलाय माहीत आहे? इस्पितळाच्या चादरी पडल्यात तिकडे ओल्या. कुलूप लावून वर मला अर्ज देतो! किल्ली माझ्याकडे नाही, वहिनीकडे आहे म्हणतो. ही काय पद्धत झाली?"

"तोडलं नाहीत अजून?" मधलीने विचारलं.

"चार वेळा मारलं त्याच्यावर. जुन्या काळातलं आहे कसलंतरी." मग त्याला आपण काय बोलून बसलो ते कळलं असावं. त्याने श्वास घेतला आणि आवाजात पुन्हा साखर घातली. "हे बघा, मी तुमच्या भल्यासाठी सांगतो. कागदावर सही करा, किल्ली द्या, दिराची नोकरी राहील, मी जबाबदारी घेतो. वकिलांच्या नादी लागू नका. ते तुम्हाला वर्षानुवर्षं पिळतील."

"पिळायचं आम्हाला नवं नाही," ती म्हणाली.

कागद खुर्चीवर तसाच होता. तिने तो उचलून त्याच्या हातात दिला. त्याने घाईने शेवटचं पान उलटलं. सहीची जागा कोरी होती.

"तुम्ही चूक करताय. काय आहे तुमच्याकडे? यंत्र एकदम व्यवस्थित आहे. कुठलाही माणूस येऊन बघू दे. झाकण बरोबर, सगळं बरोबर."

"हो. माझ्या दिराचा हात लागलाय, बरोबरच असणार." तिला बोलण्याचीही दमछाक होत होती. ती दाराला टेकली. मागे मिस्त्री आणि थोरली उभे होते. थोरला आज कामावर गेला नव्हता, तोही येऊन उभा राहिला. "जुना भाग तुमच्याकडे दिलाय. तो जपून ठेवा साहेब. वायरीसकट. आज संध्याकाळपर्यंत वकिलांची नोटीस येईल, त्यात तेच लिहिलंय. नंतर तो हरवला, तर का हरवला तेही कोर्टात तुम्हालाच सांगावं लागेल."

"कुठला जुना भाग? मी कसलाही स्विच बघितलेला नाही!"

तो ओरडला. गल्लीतली दोन दारं उघडली. त्या माणसाचा चढलेला आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला लोकांनी.

मधलीने मूठ उघडून किल्ली पाहिली. तळव्यावर तिचा लाल ठसा उमटला होता. तिने पुन्हा मूठ मिटली.

"स्विच म्हटलंच नव्हतं मी," ती म्हणाली. "फक्त जुना भाग म्हटलं. जा आता. मुलगी झोपलीय."